हीटसिंक आणि ह्यांचं बोलणं

सटाण्याचा एक कांदा व्यापारी आपला कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आमच्या दुकानापर्यंत घेऊन आला, त्या दिवसापासून मी आमचं दुखणं धरते. तसं ते त्याच्या आधीच आत शिरलेलं असणार. पण आम्हाला दिसलं त्या दिवशी. साल दोन हजार एक, उन्हाळा.

नाशिकला पंचवटीत दिंडोरी रोडला आमचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, तिथेच संसार. माझा नवरा मूळचा सायखेड्याचा. आयटीआय करून अंबडच्या एका कारखान्यात लागला होता. तो कारखाना आटत चालला तशी ह्यांनी नोकरी सोडली आणि कॉम्प्युटर जोडून विकायला लागले. तेव्हा ज्याला त्याला मुलांसाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता, आणि कंपनीच्या तयार मशीनपेक्षा सुटे भाग आणून जोडलेलं मशीन स्वस्त पडायचं. ह्यांचा हात चांगला होता. नाशिकरोडपासून सिन्नरपर्यंत गिऱ्हाईक होतं.

माझं माहेर मखमलाबादचं. आमच्याकडे झेंडू, शेवंती आणि थोडा भाजीपाला. मी बी.ए. झाले, टायपिंगची परीक्षा दिली आणि लग्नानंतर काउंटरवर बसायला लागले. फोन घ्यायचा, बिल करायचं, आलेल्या माणसाला पाणी द्यायचं. स्क्रू ड्रायव्हरला मी हात लावला नव्हता. मूल नव्हतं आम्हाला. दोघंच होतो, आणि बरं चाललं होतं.

व्यापाऱ्याने कॉम्प्युटर काउंटरवर ठेवला आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "दहा मिनिट चालस, मग बंद पडी जास. भूत शे का काय यामा?"

"भूत नाही, कांदा असेल," हे म्हणाले, आणि त्यांनी डब्याची बाजू उघडली.

खरंच कांदा होता. व्यापाऱ्याचं ऑफिस कांदा निवडायच्या खळ्याला लागून. तिथली धूळ आणि कांद्याची लाल, पातळ टरफलं आत शिरून हीटसिंकमध्ये ठासून बसली होती, उशीत सावरी भरावी तशी. प्रोसेसर चालताना तापतो. त्याची उष्णता ओढून घ्यायला त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, तो हीटसिंक. वर एक छोटा पंखा. ह्या मशीनचा पंखा टरफलांत अडकून जाम झाला होता, त्यामुळे प्रोसेसर तापायचा आणि जळू नये म्हणून मशीन आपणहून बंद व्हायचं.

ह्यांनी नवा हीटसिंक काढला. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचवणारी, आता वाळलेली पेस्ट पुसली, नवीन पेस्टचा ठिपका ठेवला, ठोकळा वर बसवला. आता राहिली क्लिप. हीटसिंक एका पोलादी पट्टीने दाबून धरलेला असतो. पट्टीचं एक टोक एका बाजूच्या प्लास्टिकच्या खुंटीत अडकवायचं आणि दुसरं टोक स्क्रू ड्रायव्हरने खाली रेटून पलीकडच्या खुंटीत. जोर लावावा लागतो, आणि जोर लावताना हात घसरून चालत नाही. अशा शेकडो क्लिपा ह्यांनी गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता बसवल्या होत्या.

त्या दिवशी क्लिप बसेना. ह्यांनी रेटली, ती अर्ध्यावर थांबली. पुन्हा रेटली. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला, जसा आपण बंद पडलेला टॉर्च बघतो.

"अगं, इकडे ये जरा. इथं दाब."

मी दाबलं. टक् करून बसली.

"वहिनीना हातमा ताकद शे हो!" व्यापारी म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो.

पावसाळा लागेपर्यंत ह्यांना शर्टाचं वरचं बटण लावता येईना. स्कूटरची किल्ली फिरवायला दोन्ही हात लागायचे. चहाचा कप हातातून एकदा गेला, मग पुन्हा गेला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग बसला, तिथे खळगा दिसायला लागला. दंडाच्या कातडीखाली मांस आपोआप उडायचं, आत किडा अडकून वळवळावा तसं. "दुखत नाही ना, मग काय काळजी," मी म्हणायची. हेही तेच म्हणायचे. हा रोग दुखतच नाही, हे पुढे कळलं.

पहिल्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला आणि गळ्याला पट्टा दिला. दुसऱ्यांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. एका वैद्यांकडे महिनाभर तेल चोळून घेतलं. हात बारीकच होत गेला, आणि मग डावाही त्याच वाटेने निघाला. शेवटी नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ह्यांच्या हातात, पायात, जिभेतसुद्धा सुया टोचून मशीनवर काहीतरी पाहिलं. मला बाहेर बसायला सांगणार होते. हे म्हणाले, "तिला राहू द्या. दुकान दोघांचं आहे."

डॉक्टर हळू बोलायचे. "मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा असतात. त्या मरत चालल्यात. का, ते कोणालाच माहीत नाही."

"औषध?" मी विचारलं.

"एक गोळी आहे. थोडे महिने वाढतात. बरं नाही होत त्याने."

ह्यांनी वेगळंच विचारलं. "डोकं जाईल का?"

"नाही. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. डोळेसुद्धा."

डॉक्टरांना ती चांगली बातमी म्हणून सांगायची होती का, ते मला अजून कळलेलं नाही.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. तेही तेच बोलले. परत येताना एसटी घोटीला थांबली, मी खाली उतरून बिस्किटाचा पुडा आणला आणि सवयीने ह्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फोडायचा प्रयत्न केला, मग तसाच मांडीवर ठेवला.

"दुकान बंद करायचं नाही," ते म्हणाले.

"मग चालवणार कोण?"

"तू. मी सांगतो, तू कर. हात तेवढे तुझे लागतील."

मी पुडा फोडला. गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघांनी बिस्किटं खाल्ली.

शिकणं सोपं नव्हतं. हे शेजारी स्टुलावर बसायचे, हात मांडीवर, आणि तोंडाने सांगायचे. रॅम कशी बसवायची, केबलची लाल कड कुठल्या बाजूला घ्यायची, कुठला स्क्रू कुठे. मला ते जमत गेलं. फक्त हीटसिंकची मला भीती होती. त्या काळच्या स्वस्त प्रोसेसरचा गाभा वरून उघडाच असायचा, नखाएवढा, काचेसारखा. हीटसिंक तिरका टेकला की त्याचा कोपरा उडायचा. "बोटांनी नको, खांद्यानं दाब," हे सांगायचे. "सरळ खाली. मनात भीती असली की हात तिरका जातो."

एके दिवशी माझा हात तिरका गेला. भात खाताना खडा लागावा तसा बारीक आवाज आला. प्रोसेसर संपला होता. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"आंधळी आहेस का?" हे ओरडले. "तुझ्या बापाच्या वाफ्यातला झेंडू आहे का हा, खुडला आणि टाकला टोपलीत?"

मी स्क्रू ड्रायव्हर ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर पडले. माहेरी जायचं म्हणून रिक्षात बसले. मखमलाबाद नाक्यापर्यंत गेले आणि उतरले, कारण ह्यांच्या जेवणाची वेळ झाली होती आणि तोपर्यंत त्यांना स्वतःच्या हाताने घास घेता येणं बंद झालं होतं. पायीच परत आले. गिऱ्हाइकं निघून गेली होती. हे त्याच स्टुलावर बसले होते, उठायलाही कोणी हात द्यायला नव्हतं म्हणून.

माफी त्यांनी मागितली नाही. "कपाटातून दुसरा प्रोसेसर आण," म्हणाले. "परत लाव."

मी लावला. मग आम्ही जेवलो.

असं नंतरही झालं. आजारी माणूस शांत होतो, समजूतदार होतो असं लोक सांगतात. हे झाले नाहीत. चिडायचे, टाकून बोलायचे, आणि त्यांना वस्तू फेकता येत नव्हती म्हणून शब्दच फेकायचे. पुढे ते शब्दही गेले, तेव्हा मला त्या शिव्यांचीसुद्धा आठवण यायची.

थोरल्या दिरांनी सासूबाईंना आमच्याकडे आणून सोडलं. मी त्यांना आत्या म्हणायची, आमच्यात तशीच पद्धत. आयुष्य सायखेड्याच्या मळ्यात गेलेलं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. आल्या त्या दिवसापासून दुकानातल्या मशिनींवर त्यांचा राग.

"ह्या डबड्यांनीच खाल्ला माझा ल्योक," त्या म्हणायच्या. "दिसभर त्यांच्या तोंडाशी बसायचा. चल बाबा गावाला. मळा हाय, गंगा हाय. हितं काय हाय?"

"इथं दुकान आहे, आई."

त्यांनी एका देवऋषीचं नाव काढलं. माझा विश्वास नव्हता, ह्यांचा तर नव्हताच. तरी हे जीपमध्ये बसून गेले, कपाळाला अंगारा लावून घेतला, लिंबू उतरवून घेतलं. परत आल्यावर मला म्हणाले, "तिला काहीतरी करू दे गं. तू निदान स्क्रू पिळतेस. तिला काय आहे?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात जीभ जड झाली. शब्द एकमेकांत चिकटायला लागले. मला कळायचं, आत्यांना कळायचं, बाहेरच्यांना नाही. एका शाळेचे क्लार्क आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा दुपारी फोन आला, मी भाजी आणायला गेले होते, तर आत्यांनी रिसीव्हर ह्यांच्या कानाला लावून धरला. हे जमेल तसं बोलले. मी दारातून आत आले तेव्हा पलीकडचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला.

"भरदुपारी घेता का आता? आजारी आहेत असं ऐकलं होतं. हा आजार होय?"

मी रिसीव्हर घेईपर्यंत फोन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई दुरुस्तीला ठेवलेली त्यांची मशीनं न्यायला आला. मी त्याला आत नेऊन ह्यांना दाखवलं. तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला. पण मशीनं घेऊन गेला, त्याला तसं सांगितलेलं होतं. असं हळूहळू बरंच गिऱ्हाईक गेलं. कोणी दारूच्या संशयाने, कोणी बाई काय दुरुस्त करणार म्हणून, आणि काही चांगली माणसं केवळ आत येऊन ह्यांच्याकडे बघवत नाही म्हणून.

आवाज पूर्ण जायच्या आत ह्यांनी माझ्याकडून एक गोष्ट करून घेतली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कळफलक उमटवता येतो. त्यातली एकेक ओळ आपोआप उजळत जाते. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर उजळतं, हवं ते आलं की पुन्हा दाबायचं. हात नसले तरी एक बटण दाबता आलं की माणूस लिहू शकतो. गेम खेळायची एक जुनी जॉयस्टिक होती. तिचं बटण मी उकलून काढलं, वायर लांबवली, सोल्डरिंगचा डाग दिला आणि ते लाकडाच्या फळीवर बसवून ह्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ठेवलं. डाग देताना हे सांगत होते आणि मला प्रत्येक वाक्य तीन-चारदा विचारावं लागत होतं.

"हे काय करती?" आत्यांनी विचारलं.

"ह्यांना बोलायला, आत्या."

"डबडं बोलनार व्हय?" म्हणून त्या आत निघून गेल्या.

पण ते बोललं. त्यात मराठी अक्षरं नव्हती, म्हणून हे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. एका वाक्याला चहा उकळून गाळण्याइतका वेळ लागायचा. पहिलं वाक्य आलं, चहात साखर वाढव. मग लिहिलं, आई, पाय दाब. मग, टोमॅटोला भाव काय? मी वाचून दाखवायची आणि आत्या पडद्याकडे न बघता ह्यांच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायच्या, जणू तेच बोललेत. गावाकडचं सगळं सांगायच्या. द्राक्षाला भुरी पडली, शेजारची सून नांदायला आली, गाय आटली. त्या दिवसांत घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. हळू, पण बोलणं.

मे महिन्यात ते मशीन बंद पडायला लागलं.

दुपारची वेळ. हे काहीतरी लिहीत होते आणि वाक्याच्या मध्येच पडदा काळा झाला. अंगठा बटणावर तसाच. मी चालू केलं, थोड्या वेळाने पुन्हा बंद. डबा उघडला तर हीटसिंकवरचा पंखा कण्हत फिरत होता. मी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, त्याने दोनेक दिवस निघाले. मग पंखा थांबला तो थांबलाच. दुसरं मशीन द्यावं तर आमचं असं ते एकच राहिलं होतं. सुटे भाग मी विकून टाकले होते आणि दुकानात होती ती गिऱ्हाइकांची मशीनं. शहरातल्या कॅनडा कॉर्नरच्या दुकानातून मी नवा हीटसिंक आणला. जुन्यापेक्षा मोठा आणि जड निघाला, क्लिपही जाड.

टेबल मी खाटेला लावून घेतलं. ह्यांची मान उशीने वळवून दिली, म्हणजे त्यांना दिसेल. होकाराला ते डोळे मिटायचे आणि नकाराला उघडे ठेवायचे, एवढंच आमच्यात ठरलेलं होतं. कसं करायचं ते सांगणारं मशीन तर माझ्यासमोर उघडं पडलं होतं.

जुना हीटसिंक पेस्टीने चिकटून बसला होता. ओढायचा नाही, आधी किंचित डावी-उजवीकडे फिरवायचा, हे मला आठवलं. निघाला. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळल्या चुन्यासारखी झाली होती, ती स्पिरिटने पुसली. नवी लावली आणि ह्यांच्याकडे पाहिलं. डोळे उघडेच.

"चुकलं? ... जास्त झाली का?"

डोळे मिटले. मी पुसून थोडी लावली. पुन्हा पाहिलं. डोळे मिटले.

ठोकळा सरळ टेकवला. क्लिपचं एक टोक अडकवलं. दुसरं रेटलं तसा सगळा डबाच टेबलावर सरकला.

"आत्या, इकडे या. हे दोन्ही हातांनी धरा."

आत्या पदर खोचून आल्या. त्या डबड्याला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. आता वासरू धरावं तसा त्यांनी डबा छातीशी घट्ट धरला. "दाब तू," म्हणाल्या. "मी सोडत नाय."

मी दाबलं आणि स्क्रू ड्रायव्हर घसरला. प्रोसेसर ज्यावर बसतो त्या बोर्डाच्या कडेला जाऊन थांबला. बोटभर इकडे आला असता तर बोर्डावरच्या केसाएवढ्या तांब्याच्या रेषा कापल्या असत्या आणि सगळं तिथेच संपलं असतं. ह्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. तो होकार नव्हता.

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, तळहात साडीला पुसले, पाणी प्यायले. आत्या तोवर डबा धरून तशाच उभ्या. मग मी पुन्हा घेतला आणि खांद्याने, सरळ खाली रेटला. टक् झालं.

बटण दाबल्यावर मशीनने एक छोटी शिट्टी दिली आणि पंखा फिरायला लागला. कळफलक उमटला. मी ह्यांचा अंगठा बटणावर ठेवला. ओळी उजळत गेल्या, अक्षरं जमत गेली.

"काय म्हन्तो?" आत्यांनी घाईने विचारलं.

"पंख्याची वायर लोंबतेय, पात्यात जाईल, बांधून टाक म्हणतात."

आत्या हसल्या. माझ्या घरी राहायला आल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. वायर मी दोऱ्याने बांधली.

पाऊस सुरू झाला तसा ह्यांचा श्वास अपुरा पडायला लागला. आडवं झोपता येईना, घास अडकायला लागला, लाळ गिळता येईना. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. पुढचं काय ते आधीच ठरवून ठेवा, म्हणाले. गळ्याला भोक पाडून नळी घालता येईल, श्वासाचं मशीन लावता येईल. त्याने आणखी काही काळ काढता येतो. काहीजण बराच काढतात. पण बाकीचं शरीर जायचं ते जाणारच.

डॉक्टर गेल्यावर मी ह्यांचा पाय फळीवर ठेवला. अंगठ्यात जोर कमी झाला होता, अक्षरं चुकायची, पुन्हा घ्यावी लागायची. खूप वेळाने पडद्यावर एक शब्द आला. नको. मग त्याच्या खाली आणखी दोन. नळी नको.

"काय लिवलं?" आत्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

आत्या माझ्याकडे वळल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्यो सांगतो का तू सांगती?"

"आत्या?"

"मला वाचता येत नाय. तू काय बी वाचशील. तू बी थकली असशील, बाई. मला दिसतं ना. लय केलं तू. पन त्यो माझा ल्योक हाय."

शब्द समोर लिहिलेला होता, आणि तो फक्त मलाच वाचता येत होता. त्यांचा मला राग आला नाही असं नाही. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

मी खाटेपासून बाजूला झाले. "तुम्हीच विचारा त्यांना."

आत्या ह्यांच्या उशाशी बसल्या. पदराने त्यांचं तोंड पुसलं. "खरं सांग मला. नळी नको तुला?"

ह्यांनी डोळे मिटले.

"नको?"

पुन्हा मिटले.

मग त्यांनी उलटं विचारलं. "मंग घालू का नळी? आईसाठी? घालू?"

ह्यांनी डोळे उघडे ठेवले. आत्या वाट बघत होत्या आणि हे डोळे मिटत नव्हते. पापणी लवली तर आई त्याला हो समजेल, हे त्यांना कळत होतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नाकाच्या कडेने ओठापर्यंत आलं, तरी ते तसेच बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. शेवटी आत्यांनीच आपला तळहात त्यांच्या डोळ्यांवर ठेवला आणि ते मिटले.

"बरं बाबा," त्या म्हणाल्या. "बरं."

उठल्या आणि आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला बसल्या.

श्रावणात अंगठाही थांबला. मशीन चालू असायचं, पंखा फिरत असायचा, पडद्यावर ओळी एकामागून एक उजळत जायच्या, आणि बटण दाबायला कोणी नसायचं. तरी मी ते बंद करत नव्हते. आत्याही करू देत नव्हत्या. हे गेले ते भाद्रपदात, सकाळी. मी पाणी तापवायला ठेवलं होतं. आत्या जवळ होत्या. त्यांनी हाक मारली, मी आले, तोवर श्वास दोनदाच वरखाली झाला. धडपड झाली नाही. श्वास कोंडून तडफड होईल अशी डॉक्टरांनी भीती घातली होती, तसं काही झालं नाही, एवढं देवाने केलं म्हणायचं.

तेरावं झाल्यावर दीर येऊन आत्यांना सायखेड्याला घेऊन गेले. माझे आईवडील मला मखमलाबादला न्यायला आले होते. मी गेले नाही. दुकान उघडलं. दारात माणूस यायचा आणि विचारायचा, "साहेब नाहीत का?" काहींना मी सांगायची, काहींना नुसतं म्हणायची, "माझ्याकडे द्या, मी बघते." काही देऊन जायचे, काही जायचे. जी मशीनं मिळायची ती मी दुरुस्त करायची. लॅपटॉप घरोघर येईपर्यंत त्याच्यावर माझं भागलं. पुढे दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं आणि मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले.

दुकान असेपर्यंत आत्या अधूनमधून यायच्या. थोरल्याचा माल मार्केटला यायचा, त्या गाडीत बसून यायच्या, माझ्यासाठी वांगी, मेथी, काय असेल ते आणायच्या. स्टुलावर बसून मी काय करते ते बघायच्या. ह्यांचं नाव आम्ही फार काढत नसू.

एकदा अशाच आल्या होत्या. चहा पिऊन झाला आणि त्या म्हणाल्या, "तवा त्यानं पडद्यावर नको लिवलं ना, ते दिसायला कसं हुतं गं?"

हीटसिंकचं एक रिकामं खोकं पडलं होतं. त्याच्या मागच्या बाजूला मी पेनाने ती चार इंग्रजी अक्षरं मोठी करून काढली आणि खोकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, अक्षरांवरून बोट फिरवलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच, आत्या."

त्यांनी खोकं काउंटरवर ठेवलं. मग थोरल्याची गाडी निघायची वेळ झाली म्हणून उठल्या.